फक्त लिंबापुरती

"काल पण गाडीत बोंबील होते," गावडे म्हणाले. "वास येतोय अजून."

हे ते मला म्हणाले नव्हते. खिडकीतून टपाल देणाऱ्या पोस्टमनला म्हणाले होते. मी टाइपरायटरमागे बसले होते. ऐकलेलं न ऐकल्यासारखं दाखवणं मला शाळेपासून चांगलं जमतं.

"कुठल्या गाडीत?" पोस्टमनने विचारलं.

"बाईंच्या. मागे ती हिरवी उभी असते ना, ती."

माझी बोटं थांबली. अंधेरीतल्या त्या ऑफिसात लागून मला दोन आठवडे झाले होते. इमारतीच्या मागे गर्द हिरव्या रंगाची एक विलायती स्पोर्ट्स कार रोज दिसायची. लांबलचक नाक, बसायला दोनच जागा, आणि छताच्या नावाखाली मागे गुंडाळून ठेवलेलं फाटकं कॅनव्हास. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ही वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या मुलाची असणार. ज्या कर्णिकबाईंकडे मी नोकरी करत होते, त्या पेन्सिल बोटात मावेनाशी झाली की तिला पेनाचं टोपण बसवून पुढे वापरत. ती गाडी आणि हे टोपण एकाच माणसाचं असेल, हे माझ्या डोक्यात शिरेना. त्यातून बोंबील.

कर्णिकबाई आयकर सल्लागार होत्या. पन्नाशी उलटलेली, अंगाने किरकोळ, फिक्या रंगाच्या सुती साड्या, पदराला खांद्यावर दोन पिना, मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आवाज इतका खालचा की समोरच्याला पुढे वाकावं लागे. चहा अर्धा कप. उरलेला अर्धा आधी गावड्यांचा असायचा, मी आल्यावर माझा झाला. गावडे म्हणाले, "बरं झालं, मला तसा पण तो पाणचट वाटायचा." गावडे ऑफिसचे कारकून, चहावाले आणि बातमीदार. राहायला जोगेश्वरीला, बोलायला कुठेही.

मला ठेवलं होतं ते इंग्रजी पत्रांसाठी. आयकर कार्यालयाला लिहायची पत्रं मी छान लिहायचे. बोलायची वेळ आली की माझं मराठी घशात अडकायचं आणि इंग्रजी शिष्टपणाचं वाटेल म्हणून मी तेही गिळायचे. बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "बोलत नाहीस का?" मी मान हलवली. "चालेल," त्या म्हणाल्या. "इथे बोलणारे पुष्कळ येतात."

येणारे म्हणजे दुकानदार, दवाखानेवाले, औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार. प्रत्येकाला कधी ना कधी ठेव मोडायची असे. कुणाला रंगीत टीव्ही घ्यायचा होता, कुणाला मेव्हण्याच्या लग्नात सुटाबुटात मिरवायचं होतं. बाई त्यांचं सगळं ऐकून घेत आणि मग टोपणवाली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवत. "गुंतवणूक म्हणजे ज्याला आपण हात लावत नाही ते. हात लावला की तो खर्च. आता सांगा, काय करायचं?" माणूस ठेव न मोडता घरी जायचा. एका दंतवैद्याला त्यांनी तीनदा असं परत पाठवलं. चौथ्या वेळी त्याची बायको आली, बाईंसाठी तिळाच्या वड्या घेऊन. नवऱ्याला टीव्ही घेऊ दिला नाही म्हणून.

मला हे सगळं ओळखीचं होतं. बोरिवलीला आमच्या घरी बाबांनी स्कूटरसाठी नंबर लावला होता. वर्षानुवर्षं आम्ही स्कूटर येणार म्हणत होतो. नंबर लागला त्या आठवड्यात बाबांनी तो चढ्या भावाने दुसऱ्याला देऊन टाकला आणि आम्हाला आइस्क्रीम खायला नेलं. आमच्या घरातून वस्तू यायच्या आधीच जायच्या. म्हणून बाई मला घरच्यासारख्या वाटत होत्या, ती बोंबलांची गोष्ट ऐकेपर्यंत.

गावड्यांकडून बाकीचं कळलं. बाईंचे वडील एका मोटार गॅरेजचे व्यवस्थापक. देश सोडून निघालेल्या कुणा साहेबाकडून त्यांनी ती गाडी घेतली होती. पुढे वाटणी झाली तेव्हा राहतं घर भावाला गेलं आणि गाडी बाईंना. नातेवाईक हसले. बाईंनी किल्ली घेतली, याच इमारतीत वर भाड्याने दोन खोल्या पाहिल्या आणि खाली ऑफिस थाटलं.

मला ऑफिसात दोनेक महिने झाले असतील. एका शनिवारी निघताना बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला मालाड स्टेशनबाहेर उभी राहा. पश्चिमेला." का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

त्या गाडी घेऊन आल्या तेव्हा रिक्षावाले बाजूला सरकून उभे राहिले. मी जमिनीला टेकल्यासारखी खाली बसले. बाईंनी पदर ओढून घेतला आणि कमरेला घट्ट खोचला. मग मार्वे रोडला लागेपर्यंत त्या नेहमीच्या बाई होत्या. त्यानंतर कोण होत्या, मला सांगता येणार नाही. वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, बसगाड्या मागे पडत होत्या, आणि माझ्या शेजारी ती अर्धा कप चहा पिणारी बाई दात दाखवून हसत होती. मला त्यांचे दात त्याआधी दिसलेच नव्हते. मी दोन्ही हातांनी सीट धरून बसले. वडीलधारं माणूस असं वागताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि नजर कुठे वळवावी ते मला कळत नव्हतं.

मार्व्याच्या धक्क्याजवळ, माडांखाली, खाऱ्या वाऱ्यात त्यांनी गाडी उभी केली. बॉनेटवर वाटीएवढा पोचा होता. मी त्याच्याकडे पाहतेय हे त्यांनी पाहिलं.

"नारळ पडला वरून. लोक म्हणाले दुरुस्त करून घ्या. मी नारळ घरी नेला आणि सोलकढी केली." त्यांनी पोच्यात अंगठा ठेवला, कपाळावर कुंकू लावताना ठेवावा तसा. "हा माझा आहे."

"पण गाडीची किंमत," मी म्हणाले. इतकंच.

"कमी होते," बाई म्हणाल्या. "खारं वारं, वाळू, मासे. दर रविवारी थोडी थोडी कमी होते. लोक व्याज वर्षातून एकदा घेतात, मी दर रविवारी घेते."

"पण तुम्ही सगळ्यांना सांगता..."

"ते त्यांच्या पैशांबद्दल. ही गुंतवणूक नाहीच. हा माझा खर्च आहे. एकच आहे, पण आहे."

मनोरीहून होडी आली. टोपली घेऊन उतरलेल्या एका कोळणीने बाईंना हाक मारली, "आज बोंबील ताजे हायेत गो." बाईंनी घेतले. कोळणीला मालाडच्या बाजारात जायचं होतं आणि ते दर रविवारचंच ठरलेलं दिसत होतं, कारण ती विचारता न विचारता टोपलीसकट माझ्या जागेवर बसली. मी उभीच.

"वर बस गो पोरी," ती म्हणाली. "मागं, त्या कापडावर. काय पडत नाय."

मार्व्याहून मालाडपर्यंत मी त्या गाडीच्या पाठीवर, वरातीतल्या नवऱ्यासारखी, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी बसून आले. पायाखाली बोंबील. अख्ख्या शाळेत मी एकदाही स्टेजवर गेले नव्हते. घरी पोचल्यावर आईने विचारलं, "तुझ्या अंगाला कसला वास येतोय?" मी सांगितलं, पुस्तकाच्या दुकानात गेले होते.

बाईंकडे सामंत आले ते बिल्डर म्हणून. मूळचे मालवणकडचे, वाढलेले घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका खोलीत, आता घाटकोपरलाच पूर्वेला स्वतःचा बंगला. कागदपत्रं आणायचे आणि जाताना मागच्या बाजूने जायचे. गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय ते कधी गेले नाहीत. हात लावायचे नाहीत. हात मागे बांधून, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे.

"बाई, ही रस्त्यावर न्यायची वस्तू नाही हो," ते म्हणायचे. "अजून दहा वर्षांनी हिला काय भाव येईल, माहितीय? झाकून ठेवा. हातच लावू नका."

"हातच नाही लावायचा तर ती माझी कशी?" बाई म्हणायच्या.

"तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला," सामंत म्हणायचे, आणि गावडे स्टोव्हकडे तोंड करून हसायचे.

मग इमारतीच्या मालकाने जागा विकायला काढल्या. भाडेकरूंनी विकत घ्याव्यात, नाहीतर सोडाव्यात. वरच्या दोन खोल्या आणि खालचं ऑफिस, बाईंचं सगळं तिथेच होतं. ठेवी मोडल्या तरी पुरेना. एका बुधवारी दुपारी त्यांनी सामंतांना फोन केला, त्याच खालच्या आवाजात. शनिवारी सामंत आले. पावती इंग्रजीत हवी होती, ती मी टाइप केली. गाडीचा रंग लिहिताना माझी चूक झाली आणि कागद बदलावा लागला.

"एक अट आहे," बाई म्हणाल्या. "दसऱ्याला मी तिला मार्व्याला नेणार. वर्षातून एकदा."

"अहो बाई, गाडी तुमचीच," सामंत म्हणाले. "कधी पण न्या."

मी नवा कागद लावून थांबले. अट टाइप करायची म्हणून. बाई गिऱ्हाइकांना सख्ख्या भावाकडूनसुद्धा लिहून घ्यायला लावत.

"कागदावर कशाला?" सामंतांनी मला हाताने थांबवलं. "शब्द आहे माझा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. त्यांनी गाडी विकली याचा मला धक्का बसला होताच. पण तोंडी शब्दावर विसंबून त्यांनी ती विकली, याचा जास्त बसला. सामंत गेल्यावर त्या म्हणाल्या, "जागा हवीच ना. गाडीत झोपता येत नाही, वर छप्पर नाही तिला." हा विनोद होता. गावडेसुद्धा हसले नाहीत.

पुढे बाई रविवारीही ऑफिस उघडायला लागल्या. बोंबील बंद झाले. गावड्यांनी एकदा जोगेश्वरीच्या बाजारातून चांगले पाहून आणून दिले, तर बाईंनी पैसे दिले आणि टोपली गावड्यांच्याच घरी पाठवली. "मी काय बोंबलांसाठी जात होते?" त्या म्हणाल्या. माझ्या वाट्याचा अर्धा चहा कधी कधी कपातच निवून जायचा, आणि त्यांचाही.

पहिल्या दसऱ्याला सामंतांचा फोन आला. गाडी रंगाला दिलीय, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी त्यांनी पूजेलाच बोलावलं. "तुम्ही आणि त्या मुलीने यायचंच."

बाई सकाळी नऊला तयार होत्या. हातात झेंडूचा हार, पिशवीत आपट्याची पानं. आणि मला दिसलं की त्यांनी जुन्या चपला घातल्या होत्या, पातळ तळाच्या, ज्यांनी क्लच नीट कळतो म्हणायच्या त्या.

बंगल्यात पोर्चच्या कडेला सामंतांनी गाडीसाठी खोली बांधली होती. समोर काचेची दारं, आत ट्यूबलाइट, फरशी दुधासारखी. गाडी एरवी चार ठोकळ्यांवर असायची, टायरला भार नको म्हणून. आजच खाली उतरवली होती. समोर एक वेताची खुर्ची होती.

"संध्याकाळी मी इथे बसतो," सामंत म्हणाले. ते खरंच खुश होते. "चहा घेतो आणि नुसता बघतो."

बाईंनी चपला बाहेर काढल्या आणि आत गेल्या. बॉनेटवर हात ठेवला. हात इकडे गेला, तिकडे गेला. आरशासारख्या पत्र्यावर काही शोधत राहिला. मग मला कळलं. पोचा नव्हता.

"काढून टाकला," सामंत म्हणाले. "खास माणूस आणला होता. कळतसुद्धा नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कळत नाही." अंगठा अजून तिथेच होता.

"सामंत, पूजा झाली की मी निघते. जेवणाच्या आत आणून सोडते."

सामंतांचा चेहरा पडला. "बाई, आता नको हो. परवाच मूल्यांकन करून गेला माणूस. म्हणाला, एक किलोमीटरसुद्धा चालवू नका." मग ते खुर्चीच्या पाठीला धरून हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरात सगळं वापरून वापरून फाटलं हो. माझी पाटी तिघांनी वापरली. आईचं लुगडं आमची गोधडी झालं. ही एक वस्तू तरी न झिजलेली राहू दे."

मी इतके दिवस सामंतांना लोभी समजत होते. आता काय समजावं ते कळेना. बाईंनी त्यांना आपट्याचं पान दिलं, "सोनं घ्या," म्हणाल्या. सामंतांनी वाकून नमस्कार केला.

पूजा झाली. गाडीला हार चढला, चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. आता गाडी लिंबांवरून पुढे न्यायची. सामंतांचा ड्रायव्हर आत बसला. त्याला ती चालूच करता येईना. त्या गाडीला किल्ली फिरवून मग एक खुंटी ओढावी लागे, दुसरी अर्धी ओढून धरावी लागे, आणि हे फक्त बाईंना माहीत होतं. ड्रायव्हरला घाम फुटला. गाडी खोकली, गचका देऊन मागे आली आणि बंद पडली. लिंबं तशीच.

"ढकला," सामंत म्हणाले. "दोघंजण या. ढकलू या."

"अजिबात नाय," दारातून त्यांच्या आई म्हणाल्या. नऊवारी नेसलेल्या आजी, हातात तबक. "ढकलून लिंबू फोडलास तर वर्षभर ढकलूची लागतली. गाडी आपल्या आपण चलाक व्हयी."

"आई, अगं याला येत नाही."

"मगे ती बाय थंय उभी आसा, तिका बसव. तिचीच ना गाडी?"

सामंतांनी बाईंकडे पाहिलं, मग आईकडे. लिंबं फुटल्याशिवाय आजींनी तबक खाली ठेवलं नसतं. "बाई," ते म्हणाले, "फक्त लिंबापुरती हां."

पुढचं आधी सांगून टाकते. गाडी दुपारी जेवणाच्या आत परत आली. चाकांना वाळू होती, काचेवर मिठाचे ठिपके होते, आणि शेजारच्या सीटपुढे टोपली होती. आजींनी टोपलीवरची पानं बाजूला केली आणि म्हणाल्या, "आज दसरो. उद्या तळूया." सामंत रागाने लाल झाले होते. दिवाळीनंतर त्यांचे कागद दुसऱ्या सल्लागाराकडे गेले आणि पुन्हा कुठला दसरा आमच्या वाट्याला आला नाही. पण निघताना मी मागे वळून पाहिलं. सगळे आत गेले होते. सामंतांनी सीटवरची वाळू तळहाताने झटकली आणि, मला वाटतं पहिल्यांदाच, ते आत बसले.

बाईंना मी त्यानंतरही कितीतरी दिवस रोज पाहिलं. टोपणवाली पेन्सिल, अर्धा कप, तोच खालचा आवाज. तरी डोळ्यांसमोर येतात त्या त्याच्या आधीच्या. लिंबांवरच्या.

खुंटी ओढली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. बाईंनी ती अलगद पुढे घेतली. लिंबं फुटली, पोर्चभर वास पसरला, आजींनी हात जोडले. सामंत म्हणाले, "बास बाई, बास." बाई थांबल्या. गाडीचं नाक पोर्चच्या बाहेर उन्हात होतं. समोर फाटक सताड उघडं, पाहुण्यांसाठी. मी फाटकापाशीच उभी होते, कारण गर्दीत मी नेहमी सगळ्यात शेवटी उभी राहते.

बाईंनी स्टिअरिंगवरचा डावा हात काढला, पदर ओढून घेतला आणि कमरेला घट्ट खोचला.

त्या पदराचा अर्थ त्या अंगणात फक्त मला माहीत होता. गिऱ्हाइकांना ठेवीला हात लावू न देणाऱ्या बाई दुसऱ्याच्या मालकीची गाडी, भर सणाला, मालकासमोर घेऊन निघाल्या होत्या. गाडी हलली. सामंत ओरडले, "अरे फाटक, फाटक लाव." वॉचमन धावला आणि त्याने लोखंडी दाराची एक झडप लोटायला घेतली. बाईंनी ब्रेक लावला. गाडी धडधडत उभी राहिली, झेंडूच्या पाकळ्या बॉनेटवरून गळत होत्या. बाई ओरडल्या नाहीत, हॉर्न दिला नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, मालाडला बोलावलं त्या शनिवारी पाहिलं होतं तसंच, काही न सांगता.

मी ती झडप दोन्ही हातांनी धरली, मागे भिंतीपर्यंत रेटली, पाठ लावून उभी राहिले, आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जा बाई, फाटक मी धरलंय."